ई-४ आणि केवळाबाईंची वाटी

या पानावर बहुतेकांचे अनुभव रात्रीचे असतात. माझा दुपारचा आहे.

सोमवार, १९ जानेवारी. लातूर. दुपारी तीन वाजून बारा मिनिटं.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण मी ती लिहून ठेवली होती. एकोणीस वर्षं नांदेडच्या एका दैनिकात बातम्या लिहितोय. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुठं घडलं, हे लिहिल्याशिवाय माझा हात पुढं जात नाही. ऐकीव गोष्ट मी छापत नाही आणि सांगतही नाही.

ही ऐकीव नाही. मी तिथं होतो.

माझं नाव अमरेश. नोकरीमुळं नांदेडला राहतो. आई आणि धाकटी बहीण मंजुश्री लातूरला, आमच्या जुन्या भाड्याच्या घरात. आईला आम्ही अव्वा म्हणतो. नाव गंगम्मा.

मंजुश्री आठ महिन्यांपूर्वी उदगीरहून, सासरहून परत आली. मारहाण नव्हती. त्या घरात तिला सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसावं लागायचं, आणि उरलं तरच जेवायचं. सहा वर्षं. एक दिवस ती पिशवी घेऊन आली आणि अव्वाला म्हणाली, "अव्वा, मला भूक लागलीय."

एवढंच. त्यानंतर तिनं सासरबद्दल फारसं काही सांगितलं नाही.

जानेवारीत जावयाचा निरोप आला. संक्रांत झाली की सोमवारी संध्याकाळी न्यायला येतो. आली तर बरं, नाही तर पुन्हा विचारणार नाही.

अव्वाचं मन डळमळलं होतं. "किती दिवस बसून राहणार? हाताला काम न्हाई, मग काय सांगायचं त्याला?"

मंजुश्रीला काम हवं होतं. आणि ते समोर आलंही होतं. जवळच मुलींचं एक वसतिगृह आहे, कोचिंगच्या विद्यार्थिनींचं. ते चालवणाऱ्या रुद्राणीताईंना मुलींसाठी रोज ज्वारीची बिस्किटं हवी होती. मैद्याची नकोत. मंजुश्रीच्या हातची त्यांना आवडली होती, पण ती तव्यावरची होती. त्या म्हणाल्या, "ओव्हनमध्ये करा, एकसारखी करा. सोमवारी पाच वाजता तीन ट्रे दाखवा. जमलं तर मंगळवारपासून रोज."

पाच वाजता ट्रे. सात वाजता जावई.

मधल्या दोन तासांत माझ्या बहिणीचं काय होणार, ते एका ओव्हनवर होतं.

ओव्हन मी आणला. आमच्या कचेरीत वितरण विभागात हरिओम आहे, मूळ देगलूरकडचा. त्याची आई केवळाबाई दिवाळीत वारली. बचत गटासाठी ती बिस्किटं करायची. तिचा मोठा इलेक्ट्रिक ओव्हन त्याच्या नांदेडच्या घरात नुसता पडून होता. हरिओम म्हणाला, "घेऊन जा सर. आमच्या घरी कुणी हात लावून न्हाई राहिलं त्याला."

का, ते मी विचारलं नाही. मी. ज्याचा धंदाच विचारण्याचा.

टेम्पोत चढवण्याआधी आतलं सामान काढलं. दोन जाळ्या, एक ट्रे, आणि तळाच्या कोपऱ्यात एक लहानशी स्टीलची वाटी. करपून काळी पडलेली.

"ही तुमची राहिली," म्हणून मी वाटी हरिओमच्या हातात दिली.

त्यानं ती बघितली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला, आणि ते राहूनच गेलं.

*

११ जानेवारीला मंजुश्रीनं पहिल्यांदा ओव्हन लावला. बिस्किटं तापलेल्या ओव्हनमध्ये घालतात, म्हणून आधी तो एकशे ऐंशीवर तापवायला ठेवायचा. तिनं बटण दाबलं. आत दिवा लागला. पंखा फिरला.

दोन मिनिटांनी तीन बीप.

पडद्यावर अक्षर आलं. ई-४.

दिवा विझला. पंखा थांबला.

पुस्तिकेत लिहिलं होतं: ई-४, तापमान सेन्सरचा संपर्क नाही. हेल्पलाइनला फोन करा.

केला. नांदेडहून मी केला, लातूरहून तिनं केला. आमचा कॉल त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे, हे चौदा मिनिटं ऐकलं. मग एक मुलगी आली. "सर, प्लग काढा, दहा मिनिटं थांबा, परत लावा."

"लावला. अकरा वेळा."

"सर, एकदा माझ्यासाठी लावून बघता का?"

दुसऱ्या फोनवरून मंजुश्रीला लावायला सांगितलं. बारावा. ई-४.

"सर, तुमची तक्रार नोंदवलीय. तंत्रज्ञ चार ते सात दिवसांत येईल."

सात दिवस. आमच्याकडं सातच होते.

मग गल्लीतले बसलिंगप्पा मामा आले. साठीचे. मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं दुरुस्त करतात आणि करता करता समोरच्याचाही समाचार घेतात. त्यांनी मागचं झाकण उघडलं, मीटर लावला. सेन्सर अकराशेच्या आसपास आकडा दाखवत होता. "बरोबर हाय. एकदम तब्येतीत हाय." वायरी ओढून बघितल्या. अर्थिंग बघितलं. व्होल्टेज बघितलं. झाकण लावलं, स्टीलच्या ग्लासात पाणी घेऊन आत ठेवलं, त्यात त्यांचा थर्मामीटर सोडला आणि ओव्हन सुरू केला. ओव्हनच्या पडद्यावर आकडा चढत गेला.

साठ. नव्वद. एकशे चाळीस. एकशे ऐंशी.

एक बीपही नाही.

"काय झालं न्हाई ह्याला," मामा म्हणाले. ग्लास काढला, चहा घेतला, गेले.

मंजुश्रीनं गार होऊ दिला. परत लावला.

ई-४.

असं तीनदा झालं. मामा असले की ओव्हन शहाणा. मामा कोपऱ्यावरून वळले की ई-४. तिसऱ्यांदा, शनिवारी, मीही रजा काढून लातूरला आलो होतो, तेव्हा त्यांनी सेन्सरच नवा घातला. ग्लासभर पाणी ठेवून तापवून दाखवला. ते पायरी उतरले आणि पंधरा मिनिटांत आतून तीन बीप.

मी त्यांना परत बोलावलं. ते दारातच उभे राहिले.

"पत्रकारसाहेब, हे ओव्हन हाय का नवी नवरी? माझ्यासमोर कसं गुमान बसतंय बघा."

"मामा, चेष्टा नको. सोमवारी पाचला ट्रे द्यायचेत."

"मग माझा फोटो लावा त्याच्यावर. त्याला वाटंल मी हाय."

अव्वानं विभूती आणून ओव्हनच्या दाराला तीन बोटं ओढली. आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. ती सरळ मामांना म्हणाली, "तुमच्या नव्या सेन्सरपेक्षा हे बरं."

विभूतीनंही ई-४ गेला नाही.

*

रविवारी सकाळी मी एक वही काढली.

बातमी जुळत नसली की मी हेच करतो. रकाने आखतो. वेळ. व्होल्टेज. कुठला प्लग. कुठली जाळी. कुणी बटण दाबलं. कोड किती अंशांवर आला. शेजाऱ्यांच्या घरून वायर ओढली. स्टॅबिलायझर लावला, काढला. दर अर्ध्या तासाला ओव्हन सुरू करायचा, बघायचं, लिहायचं.

दहाव्या नोंदीनंतर माझा आवाज चढायला लागला. चौदाव्या नोंदीला मी ओव्हनच्या दारावर हात आपटला.

सतराव्या नोंदीला मंजुश्री खाली बसली. हात पिठाचे होते. गेले सात दिवस ती रोज पीठ मळायची आणि रोज तव्यावर लावायची.

"अण्णा, राहू दे. मी हात लावला की बिघडतंयच. तिकडं पण हेच म्हणायचे."

"काय म्हणायचे?"

"हिच्या हाताला बरकत न्हाई."

मी वहीत बघत बसलो. तेव्हा ते दिसलं.

जुन्या नोंदी, मामांच्या तीन भेटी आणि आमचे बाकीचे प्रयत्न, सगळं एका पानावर होतं. फक्त एक रकाना मी आखला नव्हता. तो आता आखला आणि आठवून आठवून भरला.

आत काय?

रिकामा. रिकामा. पाणी. रिकामा. रिकामा. पाणी. रिकामा...

आत पाणी होतं तेव्हा कोड नाही. रिकामा होता तेव्हा कोड.

एकही अपवाद नव्हता.

मी एक बटाटा आत ठेवला. बटण दाबलं. एकशे ऐंशीपर्यंत गेला, गुमान.

बटाटा काढला. गार केला. रिकामा लावला.

दोन मिनिटं... तीन बीप... ई-४.

पाच वेळा केलं. पाचही वेळा तेच.

मामांना फोन लावला. ते हसले. "रिकामं भांडं लवकर तापतं, ते खरं. पण तुमचा कोड कितीला येतोय?"

"सदतीस अंशांना. दर वेळी."

"सदतीस?" त्यांचं हसू थांबलं. "तेवढी तर माणसाच्या अंगाची ऊब असतीय, साहेब. सदतीसला मशीनला काय कळतंय, आत बटाटा हाय का न्हाई? तिथं डोळा न्हाई, काटा न्हाई. एकच तार हाय."

"मग?"

"मग मला इचारू नका. मी तारेपुरता."

मी हरिओमला फोन केला. रात्रीचे नऊ वाजले होते. हा संवाद मी स्पीकरवर ठेवून वहीत उतरवून घेतला होता, म्हणून जसाच्या तसा देतो.

"हरिओम, तुझी आई ओव्हन कसा तापवायची?"

"कसा म्हंजे?"

"रिकामा?"

फोनवर त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली.

"न्हाई सर. कधीच न्हाई. रिकामा तवा चुलीवर ठेवत न्हाईत ना, तसंच. ती म्हणायची, रिकामा तवा तापला की तो घरातलं माणूस मागतो. चूल गेली, गॅस आला, मग हे ओव्हन आलं, तिनं काही सोडलं न्हाई. आधी वाटीत गोळा ठेवायची, मग बटण. नुसतं ज्वारीचं पीठ आणि पाणी. अळणी. मधोमध अंगठा दाबायची."

"मी तुला दिली ती वाटी?"

"हाव. तीच."

"मग त्या गोळ्याचं काय करायची?"

"बाहेर ठेवायची, कठड्यावर. आम्हाला खाऊ द्यायची न्हाई. लहानपणी मी एकदा उचलून खाल्ला होता, लई बडवलं. म्हणली, तो आपला घास न्हाई. म्हटलं मग कुणाचा? तर म्हणे, ज्याला भूक लागती त्याचा."

मी लिहीत होतो. मंजुश्री दारात उभी होती. ती केव्हा आली, मला कळलं नाही.

"ती गेली त्या दिवशी काय झालं, हरिओम?"

"वाटी घासायला पडली होती सर. माझ्या बायकोनं रिकामाच लावला. तिला काय माहीत. तेव्हा कोड-बिड काही आला न्हाई. मस्त तापला, एकशे ऐंशी. आई बाहेरच्या खोलीत ज्वारी निवडून राहिली होती..."

"मग?"

"ज्वारी तशीच राहिली."

"किती वाजले होते?"

"तीन, सव्वातीन. त्यानंतर आम्ही ओव्हन लावला न्हाई. तुम्हाला सांगणार होतो. टेम्पोवाला घाई करून राहिला होता."

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्या पानाकडं बघत होतो. एकाच माणसानं सांगितलेली गोष्ट. दुसरा दुजोरा नाही. अशी बातमी मी बाजूला ठेवतो.

मंजुश्री मात्र स्वयंपाकघरात गेली आणि परातीत पीठ घेतलं.

"गोळा ठेवू की," ती म्हणाली. "एका गोळ्यानं काम होत असंल तर मी शंभर ठेवते. त्या बाईंचं चुकलं काय? सगळ्यांच्या आधी एक घास बाजूला काढायची. आमच्या सासूला असं कधी सुचलं न्हाई."

*

सोमवारी आम्ही सकाळी अकराला सुरुवात केली.

आमच्याच घरातली एक वाटी घेतली. त्यात अळणी गोळा. ओव्हनमध्ये ठेवला, बटण दाबलं. कोड नाही. तापल्यावर गोळा काढून खिडकीबाहेर कठड्यावर ठेवला, कावळा घेऊन गेला. पहिला ट्रे आत गेला. बिस्किटं सुंदर आली. कडेला बदामी, मधे किंचित मऊ, जिऱ्याचा वास.

आठ दिवसांत पहिल्यांदा मंजुश्री हसली.

अव्वा बाहेरच्या खोलीत सूप घेऊन बसली होती. उद्याची ज्वारी पाखडत होती. तो आवाज दिवसभर चालू होता. सळ... सळ... सळ. त्या आवाजाकडं माझं लक्षही नव्हतं.

दुसरा ट्रे दीडला निघाला. तिसरा भरायला घेतला आणि वीज गेली.

कुणाला शिव्या द्यायच्या? मी सगळ्यांना दिल्या.

वीज दोन पंचावन्नला आली. ओव्हन तोवर गार झाला होता. पाचला ट्रे पोचवायचे होते. मंजुश्रीचे दोन्ही हात पिठात. ती पाठमोरीच म्हणाली, "अण्णा, गोळा वाटीत केलाय. आत ठेव आणि लाव."

तेवढ्यात कचेरीतून फोन आला. पहिल्या पानाच्या एका मथळ्यावरून वाद चालला होता. फोन कानाला धरून, बोलता बोलता, मी ओव्हनचं दार लावलं आणि बटण दाबलं.

मथळा ठरला. फोन ठेवला.

पडद्यावर आकडा वाढत होता. साठ. नव्वद. एकशे चाळीस. एकशे ऐंशी. तयार असल्याची एक लांब बीप.

घड्याळात बघितलं. तीन बारा. वहीत लिहिण्यासाठी हात पुढं केला...

आणि हाताला वाटी लागली.

ती ओट्यावरच होती. माझ्या कोपरापाशी. आत गोळा. कच्चा.

मी ओव्हन रिकामा लावला होता.

आणि ई-४ आला नव्हता.

आठ दिवस ज्या कोडला शिव्या घातल्या, तो यावा म्हणून मी पडद्याकडं बघत राहिलो. तीन बीप. फक्त तीन बीप व्हाव्यात. पंखा शांतपणे फिरत होता.

आणि तेव्हा मला ऐकू आलं.

म्हणजे, ऐकू आलं नाही...

बाहेरचं सूप थांबलं होतं.

बाहेरच्या खोलीपर्यंत सात पावलं आहेत. ती मी कशी गेलो, आठवत नाही. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. सूप मांडीवर. अर्धी ज्वारी पाखडलेली, अर्धी तशीच. डोळे मिटलेले. मान एका बाजूला.

"अव्वा."

काही नाही.

"अव्वा."

तिनं डोळे उघडले. "काय रे? डोळा लागला जरा."

मी तिथंच, ज्वारीत बसलो. 

ती नाक वर करून वास घेत होती. "मंजुला म्हणावं, आज भाकरी कशाला टाकली? लई खरपूस वास येतोय."

घरात कुणीही भाकरी टाकली नव्हती.

मी परत आत गेलो. मंजुश्री तिसरा ट्रे घेऊन ओव्हनपाशी उभी होती. मी दार उघडलं. वाफेचा झोत आला. आणि तो वास. बिस्किटांचा नाही. गुळाचा नाही, जिऱ्याचा नाही. नुसत्या ज्वारीचा.

मधल्या जाळीवर, बरोबर मधोमध...

एक गोळा होता.

पेढ्याएवढा. भाजलेला. मधे अंगठ्याचा खड्डा.

"तू ठेवलास ना?" मंजुश्रीनं विचारलं.

तिचा ट्रे हातात होता. तिचं सगळं त्या ट्रेवर होतं. मी ओट्यावरची वाटी माझ्या पाठीमागं सरकवली.

"हाव," म्हणालो.

एकोणीस वर्षांत मुद्दाम चुकीचं सांगितलेलं हे पहिलं वाक्य असावं.

गोळा फडक्यात घेतला. ट्रे आत गेला. मी खिडकीशी जाऊन गोळा उलटा करून बघितला. जाळीवर भाजलेल्या पिठाला खालून तारांच्या खुणा उमटतात. याला नव्हत्या. तळ गोल होता. गुळगुळीत. वाटीत भाजल्यासारखा.

मी तो कठड्यावर ठेवला, गॅलरीत आलो आणि हरिओमला फोन लावला.

"वाटी कुठं आहे?"

"कोणती? आईची? घरीच हाय सर, मांडणीवर. काहून?"

"तू घरी आहेस?"

"हाव, आज सुट्टी हाय."

"जरा बघ."

त्याच्या चपलांचा आवाज. मांडणीचा आवाज. भांडं सरकल्याचा आवाज. मग काहीच नाही.

"हरिओम?"

"सर..." त्याचा आवाज बदलला होता. "वाटी हाय जागेवर."

"मग?"

"गरम लागून राहिली."

नांदेड ते लातूर एकशे चाळीसच्या वर किलोमीटर आहे. एवढंच मी त्या क्षणी मनात म्हणत होतो. एकशे चाळीस. एकशे चाळीस.

आत आलो तेव्हा कठडा रिकामा होता. कावळा आला असेल. पण कावळा आला की आवाज करतो, आणि मी गॅलरीत, चार हातांवर उभा होतो.

मंजुश्री ओव्हनच्या काचेतून बिस्किटं बघत होती. पदरानं तोंड पुसत होती.

"काय?" ती म्हणाली.

"काही नाही," मी म्हणालो.

*

पाचला दहा कमी असताना तिन्ही ट्रे पोचले. रुद्राणीताईंनी एक बिस्किट मोडलं, अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धंही खाल्लं. "उद्यापासून आणा," म्हणाल्या.

सातला जावई आला. चांगले कपडे घालून आला होता. अव्वानं पाणी दिलं. मंजुश्री दारात उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही, डोळ्यात पाणी नाही.

"मी येणार न्हाई. मला उद्या काम हाय."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग तिच्या खांद्यावरून आत, स्वयंपाकघराकडं. तांब्या अर्धाच प्यायला होता.

"आत कोण हाय अजून?"

"कुणी न्हाई," अव्वा म्हणाली. "आम्ही तिघंच."

"मग भाकरी कोण थापून राहिलंय?"

आम्ही तिघांनी कान दिला. आम्हाला काहीच ऐकू आलं नाही.

त्यानं तांब्या खाली ठेवला आणि गेला. पुन्हा आला नाही.

आता मार्च संपत आलाय. ई-४ परत कधी आला नाही. बसलिंगप्पा मामा गल्लीभर सांगतात, माझ्या सेन्सरनं झालं. मी त्यांना खोडत नाही. अव्वाची तब्येत उत्तम आहे. तरी मी रोज दुपारी सव्वातीनला तिला फोन करतो. ती वैतागते. "रोज काय इचारायचं? हाय मी."

मागच्या रविवारी लातूरला गेलो होतो. मंजुश्रीचं काम जोरात आहे. अंगानं भरलीय, चेहऱ्यावर तेज आलंय. तिनं माझ्यासमोर ओव्हन लावला. सरळ बटण दाबलं. आकडा चढत गेला.

"गोळा ठेवत नाहीस?" मी विचारलं.

"ठेवावा लागत न्हाई," ती म्हणाली. "आधीच असतोय."

पीठ चाळता चाळता म्हणाली. दूध आलंय, असं सांगावं, तसं.

जेवताना तिनं आमटी वेगळी काढून घेतली. अव्वा म्हणाली, "हिला हल्ली मीठ चालत न्हाई. माझी पण फिक्की करून टाकती."

मी कठड्याकडं बघितलं. स्वच्छ होता. एक कणही नाही. कावळे पलीकडच्या तारेवर बसले होते, आमच्या खिडकीकडं पाठ करून.

मंजुश्री शांतपणे जेवत होती. पोटभर. सगळ्यांच्या आधी.

ती वही अजून माझ्याकडं आहे. शेवटची नोंद सोमवारची. वेळ, तीन बारा. तापमान, एकशे ऐंशी. कोड, नाही. पुढचा रकाना, 'आत काय?', कोराच आहे.

तो भरण्याआधी मला तिला एकच प्रश्न विचारावा लागेल. रोज निघणाऱ्या त्या गोळ्याचं तू काय करतेस?

लोकांना प्रश्न विचारून मी पोट भरतो. हा प्रश्न मी अजून विचारलेला नाही.